यंदा मॅच कुठं दिसणार? फुटबॉलवाल्यांनी सीझनच्या आधी करायची तयारी

दर ऑगस्टला ग्रुपवर तोच मेसेज येतो, "भावा आजची मॅच कशावर हाय?" आणि खाली चार जण चार उत्तरं टाकतात, त्यातलं एक गेल्या सीझनचं असतं, एक स्पोर्ट्स१८ असतं जे चॅनेल आता राहिलेलंच नाही, आणि कुणीतरी टेलिग्रामची लिंक टाकून मोकळा होतो. तोवर पहिला गोल होऊन गेलेला असतो. मॅच दाखवायचे हक्क दर दोन-तीन वर्षांनी इकडचे तिकडं जातात आणि ते आपल्याला कोणी घरी येऊन सांगत नाही, म्हणून सीझन चालू व्हायच्या आधी तासभर बसून हे सगळं एकदा लावून घ्यायचं, मग मे महिन्यापर्यंत डोक्याला ताप नाही. मी दरवर्षी जे करतो ते इथं सविस्तर लिहितोय, इंग्लंडच्या प्रीमियर लीगवाल्यांना, स्पेनच्या बार्सा-रियालवाल्यांना आणि आपल्या इंडियन सुपर लीगवाल्यांना म्हणजे आयएसएलवाल्यांना, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

आधी स्पर्धांची यादी करा

सगळा घोळ इथंच होतो. हक्क क्लबचे विकले जात नाहीत, स्पर्धेचे विकले जातात. म्हणजे तुम्ही लिव्हरपूलचे फॅन असाल तर तुमची टीम एका सीझनमध्ये प्रीमियर लीग खेळणार, युरोपभरच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला पात्र असेल तर ती खेळणार, एफए कप खेळणार आणि लीग कप पण खेळणार, आणि या चारही स्पर्धांचे मालक वेगवेगळे आहेत. प्रीमियर लीग ही तिथल्या वीस क्लबांचीच कंपनी, चॅम्पियन्स लीग युएफाची म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, एफए कप इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा आणि लीग कप ईएफएलचा, म्हणजे तिथल्या खालच्या डिव्हिजन चालवणाऱ्या संघटनेचा. प्रत्येकजण भारतातले हक्क आपापल्या सोयीने ज्याला विकायचे त्याला विकतो. त्यामुळं एक ॲप घेतलं की टीमच्या सगळ्या मॅच दिसतील ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि कंपनीची जाहिरात "फुटबॉलचं घर" वगैरे काहीही म्हणत असली तरी तिच्यावर जाऊ नका.

एक कागद घ्या, टीमचं नाव लिहा, खाली या सीझनमध्ये ती कुठल्या कुठल्या स्पर्धा खेळणार ते लिहा. मग प्रत्येकीपुढं चॅनेल आणि ॲप. २०२५-२६ च्या सीझनचं मोठं चित्र असं आहे की प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्स आणि जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग सोनी स्पोर्ट्स आणि सोनी लिव्हवर, बार्सा-रियालची स्पॅनिश लीग म्हणजे ला लीगा फॅनकोड ॲपवर, आणि मेस्सीची इंटर मायामी ज्यात खेळते ती अमेरिकेची एमएलएस ॲपल टीव्हीवर. म्हणजे बार्साच्या माणसाला स्टारची काहीच गरज नाही, फॅनकोड आणि सोनी लिव्ह एवढ्यावर त्याचं बहुतेक भागतं, आणि ज्याची टीम युरोपच्या स्पर्धांत नाहीच, समजा एव्हर्टनचा फॅन, त्याने चॅम्पियन्स लीगसाठी म्हणून सोनीवर पैसे घालायचं कारण नाही. लोक सगळंच घेऊन बसतात आणि निम्मं उघडून पण बघत नाहीत.

खात्री कुठं करायची

गुगलवर नुसतं "ला लीगा इंडिया" टाकलं की वर येणारी बातमी तीन वर्षांपूर्वीची असू शकते, म्हणून बातमीची तारीख बघितल्याशिवाय पुढं वाचूच नका. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे त्या लीगची स्वतःची वेबसाइट. प्रीमियर लीग, युएफा, ला लीगा सगळ्यांच्या साइटवर देशवार प्रसारण भागीदारांची यादी असते, त्यात भारत शोधायचा. तिथं जे नाव असेल तेच खरं. दुसरी खूण म्हणजे त्या ॲपमध्ये जाऊन पुढच्या आठवड्याच्या मॅच "अपकमिंग" मध्ये दिसतायत का ते बघणं, तेही पैसे भरायच्या आधी. नुसते हायलाइट्स आणि जुन्या मॅच दिसत असतील तर लाइव्हचे हक्क त्यांच्याकडं असतीलच असं नाही.

हे एवढं ठासून का सांगतोय ते कळायला ला लीगाचाच भारतातला प्रवास बघा. २०१८ मध्ये फेसबुकने तीन सीझनचे हक्क घेतले, मॅच चक्क फेसबुकवर फुकट लागायच्या, रात्री दीड वाजता बार्साची मॅच आणि खाली धबाधबा पडणाऱ्या कमेंट. २०२१ मध्ये ते व्हायकॉम१८ कडं गेले, आणि त्यांच्याकडं तेव्हा स्पोर्ट्स चॅनेलच नव्हतं म्हणून ज्या एमटीव्हीवर रोडीज लागायचं त्याच एमटीव्हीवर रियाल माद्रिद दिसायला लागली. आणि दुर्दैव असं की त्याच ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सा सोडून पॅरिसला गेला. एप्रिल २०२२ मध्ये स्पोर्ट्स१८ आलं, मॅच तिकडं. २०२४ मध्ये जीएक्सआर वर्ल्ड नावाच्या कंपनीने हक्क घेतले जिचं नावही बऱ्याच जणांनी ऐकलं नव्हतं, त्यांच्या साइटवर जाऊन बघायला लागायचं, आणि त्यानंतर फॅनकोड. सात-आठ वर्षांत इतके पत्ते बदलले. जुना फॅन टिकला तो टीमवरच्या प्रेमापोटी, पण २०२१ नंतर फुटबॉल बघायला लागलेल्या शाळकरी पोराला ला लीगा नीट सापडलीच नाही, आणि मला या सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं. प्रीमियर लीग त्या मानाने वर्षानुवर्षं स्टारवरच राहिली आणि आज आपल्याकडं गल्लीबोळात आर्सेनल आणि युनायटेडचे जर्सी दिसतात त्यात या सातत्याचा मोठा हात आहे असं माझं ठाम मत आहे.

कंपन्या एकमेकांत विलीन होतात तेव्हा पण गोंधळ होतो. रिलायन्स आणि डिस्नेचं नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. अशा वेळी तुमचं जुनं सबस्क्रिप्शन किती दिवस आणि कुठल्या दर्जाचं चालणार ते ॲपच्या अकाउंटमध्ये जाऊन स्वतः बघायचं, रिन्यूची तारीख लिहून ठेवायची.

वेळेचं गणित, हे एकदा पाठच करा

चॅनेल बरोबर, ॲप बरोबर आणि तरी मॅच हुकते, कारण घड्याळ. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं पण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं घेतात. म्हणून उन्हाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागं आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागं.

शनिवारच्या तिथल्या दुपारी तीनच्या मॅच सप्टेंबरमध्ये आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला आणि नोव्हेंबरपासून साडेआठला. तिथली साडेबाराची मॅच आपल्याकडं पाचला, मग सहाला. रविवारची साडेचारची मोठी मॅच आधी नऊला, मग दहाला. आठवड्याच्या मधल्या रात्री आठच्या मॅच आधी साडेबाराला, मग दीडला. चॅम्पियन्स लीगच्या वेळा मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणं सांगतात, जे इंग्लंडपेक्षा एक तास पुढं असतं, त्यामुळं तिच्या रात्री नऊच्या मॅचचं पण तसंच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, आणि पावणेसातच्या ज्या असतात त्या सव्वादहा किंवा सव्वाअकरा, कॉलेजच्या पोरांना आणि सकाळी ड्युटी असणाऱ्यांना त्या बऱ्या पडतात.

तारखेचा घोटाळा वेगळाच. तिकडं मंगळवारची मॅच म्हणजे आपल्याकडं मंगळवारची रात्र संपून बुधवार लागल्यावर साडेबारा. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावताना बुधवार १२:३० एएम असा लावायचा, मंगळवार लावला तर एक दिवस आधीच वाजणार. त्यापेक्षा क्लबच्या साइटवरून फिक्स्चर थेट फोनच्या कॅलेंडरमध्ये घेता येतात, ते करा, वेळ आपोआप आपल्या घड्याळाप्रमाणं येते आणि मॅचची तारीख टीव्हीसाठी पुढं-मागं झाली तर तेही बदलतं. टीव्हीसाठी मॅच हलवणं हे तिकडं नेहमीचंच, शनिवारची मॅच रविवारी किंवा सोमवारी जाते. एक चांगली गोष्ट म्हणजे २०२६ पासून चॅम्पियन्स लीगची फायनल मध्य युरोपच्या संध्याकाळी सहाला ठेवलीय, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊला, घरातल्या लहान पोरांना सोबत घेऊन बघता येईल.

आणि हे किती जणांना माहीत आहे बघा, शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये लाइव्ह मॅच टीव्हीवर दाखवतच नाहीत, खालच्या डिव्हिजनच्या मैदानांवर लोक जावेत म्हणून ही जुनी बंदी आहे. म्हणजे लंडनमधल्या तुमच्या आतेभावाला जी तीनची मॅच दिसत नाही ती सांगली-सोलापुरात बसून दिसते.

टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी

केबलवाला किंवा डीटीएचवाला "स्पोर्ट्स पॅक" म्हणून मोठं गाठोडं गळ्यात मारतो. ट्रायच्या, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणं तुम्हाला एकेक चॅनेल सुटं घ्यायचा हक्क आहे आणि प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर केलेली असते, बुकेमध्ये म्हणजे गाठोड्यात घालायच्या चॅनेलची कमाल किंमत १९ रुपये अधिक जीएसटी. म्हणून त्याला फोन करून चॅनेलचं नेमकं नाव सांगा, एसडी की एचडी ते सांगा, आणि सुटं लावून मागा. नाही म्हणाला तर डीटीएचच्या ॲपमधून स्वतः करता येतं. फुटबॉल कुठल्या चॅनेलवर लागतं ते आधी आठवडाभर वेळापत्रक बघून ठरवा, कारण एकाच नेटवर्कची पाच-सात चॅनेल असतात आणि क्रिकेटची मोठी सिरीज चालू असली की फुटबॉल मागच्या चॅनेलवर ढकलतात. आयपीएलच्या दिवसांत तर हे हमखास, मार्च ते मे, आणि नेमकी तेव्हाच लीगची शर्यत रंगात आलेली असते. एकाच वेळी चार-पाच मॅच असतील तर टीव्हीवर एखाद-दुसरीच येते, बाकीच्या ॲपवर. प्रीमियर लीगच्या मोठ्या सहा टीम सोडून दुसऱ्या कुणाचे फॅन असाल तर टीव्हीच्या नादाला न लागता सरळ ॲपच घ्या.

डीडी फ्री डिशचं पण लक्षात ठेवा. २००७ च्या कायद्यानुसार देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरवलेल्या मॅचचं प्रसारण प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं, वर्ल्डकपच्या काही मोजक्या मॅच त्यात येतात. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते फीड दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांनी नाही. म्हणून तीच मॅच शेजारी फ्री डिशवर दिसते आणि तुमच्या केबलवरच्या डीडीवर भलताच कार्यक्रम चालू असतो, त्यात केबलवाल्याची काही चूक नसते.

ॲप घेताना

सगळ्यात स्वस्त प्लॅन बऱ्याचदा फक्त मोबाइलवर चालणारा असतो, टीव्हीवर टाकायला गेलं की पडदा काळा. एका वेळी किती स्क्रीन, टीव्हीवर चालतं का, आणि मॅचमध्ये जाहिराती येतात का, हे तिन्ही पैसे भरायच्या आधी वाचा. मोबाइलच्या रिचार्जमध्ये किंवा घरच्या वायफायच्या प्लॅनमध्ये यातलं एखादं ॲप आधीच मिळालेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो, ते पहिलं तपासा. फॅनकोडवर एका मॅचचा किंवा एका स्पर्धेचा पास मिळतो, नुसता एल क्लासिको म्हणजे बार्सा-रियाल सामना बघायचा असेल तर तेवढाच घ्या.

वार्षिक प्लॅन घेणार असाल तर ऑगस्ट किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पूर्ण सीझन एका पैशात बसतो. जानेवारीत घेतला तर मधले जून-जुलै फुकट जातात आणि पुढच्या जानेवारीत ऐन बाद फेरीच्या तोंडावर संपतो. महिन्याचा घेणार असाल तर चॅम्पियन्स लीगचे फेब्रुवारी ते मे हे महिने खरे.

ऑटोपेकडं लक्ष द्या. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. यूपीआयने भरलं असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे मध्ये जाऊन बंद करायचं, प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचा, त्यात थांबवायचा पर्याय असतो. हक्क दुसरीकडं गेल्यावर पण जुन्या ॲपचे पैसे कापले जातायत अशी कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

नेटवरची मॅच टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट तरी मागं असते. पेनल्टीच्या वेळी याचा फार त्रास होतो, खेळाडू अजून चेंडू ठेवतोय आणि खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू येतो, फोन वाजतो, स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशन येतं. मॅच लावली की स्कोअर ॲपची नोटिफिकेशन बंद आणि ग्रुप म्यूट, यात बिलकूल हयगय करू नका.

टेलिग्रामच्या लिंका आणि कुठूनतरी आलेल्या एपीके फायली (प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायची ॲप) यांच्यापासून लांबच राहा. बेकायदेशीर तर आहेच, पण त्या एपीकेला तुम्ही मेसेज वाचायची परवानगी देता आणि त्याच फोनवर तुमची बँक असते.

कुणीच दाखवत नसेल तर

असंही होतं. १५ जुलै २०२४ ची रात्र आठवा, साडेबाराला स्पेन-इंग्लंड युरोची फायनल सोनीवर व्यवस्थित दिसली, आणि पहाटे साडेपाचला ठरलेली अर्जेंटिना-कोलंबिया कोपा अमेरिकाची फायनल भारतात कुठंच नाही, कारण त्या स्पर्धेचे हक्क इथं कुणी घेतलेच नव्हते. कोल्हापूर असो की गोवा, मेस्सीचे इतके कट्टर फॅन, वर्ल्डकपला चौकाचौकांत त्याचे कटआउट उभे राहिले होते, आणि लाउतारोचा ११२ व्या मिनिटाचा गोल लोकांनी स्कोअर ॲपवर आकडा बदलताना बघितला. इतक्या मोठ्या प्रेक्षकांना असं वाऱ्यावर सोडणं बरोबर नव्हतं.

अशी शंका असेल तर स्पर्धेच्या दोन आठवडे आधी आयोजकांच्या साइटवर बघा, हक्क न विकलेल्या देशात ते कधी कधी स्वतःच्या यूट्यूबवर किंवा ॲपवर दाखवतात. फिफाची स्वतःची सेवा फिफा प्लस पण बघत जा. २०२५ च्या क्लब वर्ल्डकपच्या सगळ्या ६३ मॅच डाझोन (DAZN) या ॲपने जगभर फुकट दाखवल्या होत्या, नुसतं अकाउंट उघडायचं होतं, आणि आपल्याकडं कितीजणांना ते कळलंच नाही.

आपली आयएसएल

इथं तर जास्तच लक्ष ठेवावं लागतं. २०१४ पासून लीग स्टारवर होती, २०२३-२४ ला व्हायकॉम१८ कडं गेली. मग भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नवीन काही ठरेना, जुलैमध्ये सीझनच थांबवला. नोव्हेंबरात लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या टेंडरला एकही बोली आली नाही. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये एकाच फेरीची छोटी लीग चालू झाली. ज्या खेळाडूंचं पोट यावर आहे त्यांनी ते महिने कसे काढले असतील विचार करा. तेव्हा मुंबई सिटी किंवा एफसी गोवाचे असाल तर जुन्या सवयीने स्टार लावून बसू नका, क्लबच्या अधिकृत हँडलवर मॅचच्या आदल्या दिवशी पोस्टर येतं, त्याच्या खालच्या पट्टीत चॅनेल आणि ॲपचं चिन्ह असतं, तेच खरं धरा. आशियाई स्पर्धा पुन्हा वेगळी विकली जाते, ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध रोनाल्डोची अल नस्र खेळायला आली तेव्हा ती मॅच फॅनकोडवर होती. रोनाल्डो आला नाही, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल ज्यांनी बघितला त्यांना विचारा.

तालमीत, हॉलमध्ये स्क्रीन लावायची असेल तर

घरगुती कनेक्शन आणि ॲपचं अकाउंट हे घरापुरतंच असतं, त्यावर तिकीट लावून किंवा हॉटेलात सार्वजनिक दाखवता येत नाही. केबल-डीटीएचवाल्यांकडं कमर्शियल कनेक्शन वेगळं मिळतं, ते आधी महिनाभर मागून घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि आपल्या बहुतेक मॅच त्यानंतरच्याच, म्हणून बंद हॉल बघा. नेटवर चालवणार असाल तर वायर टाकूनच, वायफायवर पन्नास फोन चढले की स्क्रीन गोठते.

परदेशात असाल तर

हक्क देशावर ठरतात, त्यामुळं पुण्यातून भरलेलं सबस्क्रिप्शन दुबईत किंवा न्यू जर्सीत बहुधा चालत नाही, जाण्याआधी बंद करून जा. अमेरिकेत प्रीमियर लीग एनबीसी आणि पीकॉकवर, चॅम्पियन्स लीग पॅरामाउंट प्लसवर. आखातात बीइन. ब्रिटनमध्ये लीगसाठी स्काय आणि टीएनटी दोन्ही लागतात, आणि खर्च इथल्यापेक्षा कितीतरी जास्त येतो.

पुढचे बदल आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. युएफाचे सध्याचे करार २०२६-२७ चा सीझन संपला की संपतात, प्रीमियर लीगचा २०२७-२८ संपल्यावर. त्या त्या वर्षी जूनपासून बातम्यांवर लक्ष ठेवा, आणि मे महिन्यात कुणी "आत्ता घ्या, स्वस्तात दोन वर्षं" अशी ऑफर दिली तर नवीन करार जाहीर होईपर्यंत पैसे भरू नका.